मोजून दिलेल्या बिया

"पाय दे. जोरानं दे. इथं काही आहे हे कुत्र्यालासुद्धा कळता कामा नये."

कॅप्टन हॉज स्वतः बुटांनी माती दाबत होता आणि मलाही दाबायला सांगत होता. दिवेलागणीची वेळ होती. भुई थंडीनं दगड झालेली, ती खणताना माझे हात सोलून निघाले होते. त्या मातीखाली मार्जरीची पोर होती, पुरती सहा महिन्यांचीही नव्हती. तिच्यावर पाय द्यायचा म्हणे!

"साहेब, पाय नाही देणार मी," मी म्हटलं. "हातानं सारखं करतो."

मला वाटलं, आता पेकाटात लाथ बसणार.  पण तोंड फिरवून तो म्हणाला, "कर बाबा, कसंही कर. पण सपाट कर."

मी गुडघे टेकले आणि शेणानं अंगण सारवावं तशी ती माती हातानं सारखी केली. वर पाचोळा पसरला. मग कॅप्टननं खिशातून आपलं धर्माचं पुस्तक काढलं, माझा हात त्यावर ठेवला आणि दर वेळच्यासारखी शपथ घ्यायला लावली. कोण कुठं आहे ते जिभेनं सांगणार नाही, बोटानं दाखवणार नाही. त्याचं पुस्तक मला काय वाचता येणार होतं, कप्पाळ! पण शपथ ती शपथ. मी मनात चौलच्या शितळादेवीचं नाव घेऊन ती घेतली आणि तिथंच अडकलो.

हसू नका रे पोरांनो. 'आजाची अमेरिका सुरू झाली' म्हणून एकमेकांना कोपरं मारता, ते दिसत नाही वाटतं मला? ऐकायचं असेल तर नीट ऐका, नाहीतर उठा आणि जाळी विणायला बसा.

तर मी नवश्या, कोळ्याचा पोर. फिरंग्यांच्या चौलातून सुरतेला गेलो, तिथं इंग्रजांच्या जहाजावर खलाशी म्हणून चढलो, आणि उतरलो तो थेट विलायतेत. तिथं ह्या कॅप्टन हॉजनं मला नोकर म्हणून ठेवून घेतलं. त्या वेळी इंग्रजांना समुद्रापलीकडं अमेरिकेत जाऊन नवी गावं वसवायचा नाद लागला होता. आम्ही एक जहाज भरून गेलो. एका नदीच्या मुखाशी जागा धरली, झाडं तोडून कुंपण घातलं, खोपटी उभारली, गावाला मोठ्या थाटात राजाचं नाव दिलं आणि लगेच मरायला लागलो.

पोचलो उशिरा. पेरणीचे दिवस टळून गेले होते. जहाजावरच्या बिस्किटांत किडे, पिंपातलं मटण सडलेलं, आणि थंडी म्हणाल तर तुम्हाला सांगून कळायची नाही. माणसांच्या हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, मग ताप. निम्मं गाव त्या हिवाळ्यात गेलं.

नदीच्या पलीकडच्या काठाला तिथल्या मूळच्या लोकांचं गाव होतं. कॅप्टनला त्यांची धास्ती. आपण किती उरलोय हे त्यांना कळलं, तर एका सकाळी होड्या घालून येतील आणि उरलेले कापून काढतील, असं त्यानं मनाशी धरलं होतं. म्हणून त्यानं फर्मान काढलं. कबरीला उंचवटा नको, दगड नको, क्रूस नको. माणूस गेलं की अंधार पडायच्या बेतात मी आणि तो, दोघंच जाणार, पुरणार, जमीन सपाट करणार. बायकांनी रडायचं ते घरात. आणि उन्हाळा आला की त्या सगळ्या जमिनीवर मका पेरायचा, म्हणजे शेतच दिसेल.

दुष्ट नव्हता हो तो. त्याचा स्वतःचा एकुलता एक एडमंड, विशीतला उमदा गडी, तोही त्याच जमिनीत गेला. त्याच्यावरची माती ह्यानं बुटानंच दाबली होती. तेव्हा मी बाजूला उभा होतो.

मार्जरीचं काय झालं, ते सांगतो. तिचा नवरा पिंपं बनवणारा; तो येताना जहाजावरच गेला. पोर झाली तीही जहाजावरच. नाव ठेवलं मर्सी. अर्थ विचारला तेव्हा कळलं, मर्सी म्हणजे दया. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्याकडंही असतं की! तेव्हापासून मी तिला दयाच म्हणायचो. मार्जरीला गंमत वाटायची. तीसुद्धा लाडात आली की "दाया, दाया" करायची. मार्जरी तुमच्या थोरल्या आत्याएवढी असेल तेव्हा. मी तिला बाय म्हणायचो. मला ती नॅश म्हणायची, कारण नवश्या म्हणताना त्या लोकांची जीभ वळायची नाही.

पोर गेली तेव्हा मार्जरी स्वतः तापात बडबडत होती. चार दिवसांनी शुद्धीवर आली, कूस चाचपली, आणि तिला समजलं. मी लाकडं घेऊन गेलो होतो.

"नॅश, तूच होतास ना?"

"होतो, बाय."

"गुंडाळलं होतं का तिला? थंडी फार होती."

"तुझ्या एप्रनमध्ये. दोनदा गुंडाळलं. चेहरासुद्धा झाकला."

"बरं केलंस." मग तिनं विचारलं, "कुठं?"

मी लाकडं रचत राहिलो.

"नुसतं सांग. मी जाणार नाही, रडणार नाही, कुणाला कळू देणार नाही. एवढं मोठं रान आहे हे, नॅश. त्यात माझी एवढीशी पोर कुठं आहे, हे मला माहीत नको?"

"शपथ आहे, बाय."

रोज विचारायची ती. मग एक दिवस विचारणं थांबलं, आणि त्याबरोबर जेवणंही थांबलं. लापशीचा वाडगा घ्यायची, दोन घास खायची, उरलेला शेजारच्या पोरांपुढं सरकवायची. नदीवर पाण्याला जायची तेव्हा सवयीनं कंबर एका अंगाला कललेली असायची, जणू कडेवर अजून ओझं आहे. मला बघवायचं नाही. बाई डोळ्यांदेखत झिजत चालली होती आणि तिचं औषध माझ्या तोंडात कुलूप लावून ठेवलेलं.

आणि मला जागा ठाऊक होत्या बरं का, सगळ्या. कॅप्टनला वाटायचं, सपाट केलं म्हणजे संपलं. अरे, मी कोळी! समुद्रावर कुठं खुणेचे दगड असतात? तरी आपण काल सोडलेलं जाळं आज बरोबर हुडकतो की नाही? कोर्लईचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत धरायचा, दुसरीकडून दुसऱ्या दोन खुणा धरायच्या, आणि दोन्ही रेषा कापतील तिथं जाळं. तिथंही मी तेच केलं. दुभंगलेला ओक आणि नदीतला काळा खडक ही एक रेष, कॅप्टनच्या घराचं धुराडं आणि कुंपणाचा कोपरा ही दुसरी. ह्या दोन रेषा मिळतात तिथं दया. तशीच प्रत्येकाची खूण मनात धरलेली. कुणी सांगितलं नव्हतं. हाडात असलेली सवय जाते कुठं?

बर्फ वितळलं तेव्हा पलीकडच्या गावातून एक म्हातारी होडीनं आली. बरोबर दोघी पोरी आणि मक्याच्या दाण्यांनी भरलेल्या टोपल्या. मासे धरायला येणाऱ्या जहाजांवरच्या लोकांकडून तिनं थोडं इंग्रजी उचललं होतं. माझंही इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळं आमचं दोघांचं छान जमलं. मी तिला आक्का म्हणायला लागलो. ती मला काय म्हणायची ते अजून कळलेलं नाही, पण पोरी हसायच्या.

कॅप्टननं कांबळी देऊन मका घेतला. आक्कानं पेरायचं कसं ते दाखवलं. खड्ड्यात आधी मासा, वर माती, मग दाणे. इंग्रजांनी नाकं मुरडली. मी मात्र खूश! आपल्या वाडीत माडाच्या मुळाशी मासळी घालतातच की.

निघताना आक्कानं मला बाजूला ओढलं. कमरेची चामड्याची पिशवी सोडली आणि माझ्या तळहातावर भोपळ्याच्या बिया ठेवायला लागली. एक, मग एक, मग एक. ओठ हलत होते. मध्येच थांबली, डोळे मिटले, काहीतरी आठवलं, आणखी एक ठेवली. सगळ्यांत शेवटी एक अगदी लहानशी बी निवडून ठेवली आणि पिशवी बांधून टाकली.

"आक्का, एवढ्याच? पिशवी तर भरलेली दिसते. दे की मूठभर."

तिनं मान हलवली. माझी बोटं आपल्या हातानं मिटली आणि वरून दाबून धरली. केवढी कंजूष बाई, मी मनात म्हटलं. बिया काय कुणी मोजून देतं?

दुसऱ्या दिवशी कबरींच्या त्या जमिनीवर मका पेरायचं काम माझ्याकडं आलं. सगळे दुसऱ्या शेतात, इथं मी एकटा. खुरपं हातात, बिया कमरेला. आणि मला माझी आय आठवली. माझा धाकटा भाऊ दात यायच्या आधीच गेला होता. तेवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आयनं त्याच्यावर माड लावला. जेवून उठली की हात धुवायची ते त्या माडापाशी. आम्हा पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या माडावर आम्ही कधी दगड मारला नाही.

मी शितळादेवीला विचारलं, आई, जीभ नाही, बोट नाही, एवढीच शपथ ना? वेलाचं काही बोलणं झालं नव्हतं. देवी काही बोलली नाही. मग मी दुभंगलेला ओक आणि काळा खडक एका रेषेत आणले, सरकत सरकत दुसरी रेष धरली, आणि ती लहानशी बी तिथं लावली. मग एडमंडपाशी एक. मग म्हातारा सुतार, मग दोघी बहिणी. असं करत सगळीकडं फिरलो. प्रत्येकाजवळ एक बी. शेवटच्या जागेला शेवटची बी लागली. बरं झालं, पुरल्या, असं म्हणून मी हात झटकले आणि वर मका पेरला.

मका गुडघ्याएवढा झाला तोवर मार्जरीला धरून चालवावं लागत होतं. मी कॅप्टनला सांगितलं, शेतात पाखरं उतरतात, हाकलायला कुणीतरी बसवा, मार्जरीला बसवा, तिला दुसरं काम झेपत नाही. तो बरं म्हणाला. मी तिला घेऊन गेलो. मक्याच्या ओळींतून आत, आत, आणि एका वेलापाशी आलो. पानं हाताएवढी झाली होती, एक पिवळं फूल उमललं होतं.

"बस इथं, बाय."

"इथंच का? सावली तर तिकडं आहे."

 माझ्या मनगटाला एक निळी नाडी बांधलेली होती. दयाला गुंडाळताना एप्रनची नाडी सुटून आली होती. कोळ्याच्या जातीला दोरीचा तुकडा टाकवत नाही, म्हणून बांधून ठेवलेली. ती मी सोडली आणि वेलाच्या देठाला सैल गाठ मारून बांधली.

मार्जरीनं नाडीकडं पाहिलं. मग वेलाकडं. मग माझ्याकडं.  तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती हळूच आडवी झाली, मातीला गाल लावला, आणि "दाया, दाया" म्हणत राहिली. मी पाखरं हाकलायला दुसऱ्या टोकाला गेलो. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

त्या संध्याकाळी तिनं वाडगा पुरा संपवला, आणि पुन्हा पुढं केला.

पण बायकांचं तुम्हाला ठाऊक आहे. मार्जरीच्या चेहऱ्यावर रंग आला तो इतर बायकांनी टिपला. एकेक करून त्या शेतात यायला लागल्या, निंदायच्या निमित्तानं. मी नुसता वेलांना पाणी घालत हिंडायचो आणि ज्या बाईचं जे, तिथं जरा जास्त वेळ रेंगाळायचो. बस्स. त्या समजून घ्यायच्या.

कणसं भरायला आली तेव्हा कॅप्टनच्या ध्यानात आलं. विळा घेऊन तो शेतात शिरला. मार्जरी वेलापाशी बसलेली, मी घागर घेऊन उभा.

"हे काय आहे?"

"भोपळा, साहेब."

"भोपळा दिसतोय मला. इथंच का? आणि तिथं? आणि तिथं?" तो गर्रकन फिरला, आणि त्याला उलगडा झाला.  "मूर्खा! काय करून बसलास! त्या लोकांनी वेल मोजले की झालं. सगळं गाव मारशील तू!"

त्यानं विळा उगारला आणि दयाच्या वेलावर वाकला. मार्जरी वेलावर पालथी पडली. "आधी माझ्यावर चालवा," ती म्हणाली.

तेवढ्यात मक्याची पानं सळसळली आणि आक्का आत आली. नवा मका कसा आला ते बघायला आली होती. तिनं विळा पाहिला, मार्जरीला पाहिलं.  पहिल्या वेलापाशी गेली, खाली वाकून मातीला हात लावला, पिशवीतली चिमूटभर तंबाखू ठेवली. मग दुसऱ्यापाशी. आम्ही तिघं तिच्याकडं नुसते बघत राहिलो. एकही वेल तिनं चुकवला नाही. शेवटी दयाच्या वेलापाशी आली आणि मार्जरीच्या पाठीवर हात ठेवून बसली.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. "आक्का, बिया मोजून दिल्यास त्या... तुला ठाऊक होतं?"

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की एवढा कसा रे तू वेडा.

"पाणी," ती नदीकडं हात करून म्हणाली. "रोज सकाळी तुम्ही पाण्याला येता. मी पण येते. लाल टोपीवाला म्हातारा यायचा. मग नाही आला. दोघी बहिणी यायच्या. मग एक. मग एकही नाही. उंच पोरगा यायचा, गाणं म्हणायचा." कॅप्टननं मान खाली घातली. "आणि ही. हिच्या कडेवर मूल असायचं. एक दिवस रिकामी आली. त्या दिवशी आमच्या घरी चूल नाही पेटवली मी."

"सगळा हिवाळा ठाऊक होतं?" कॅप्टननं विचारलं. "मग आला का नाहीत?"

आक्काला प्रश्न कळेना. "रडणाऱ्या घरी?" ती म्हणाली.

कॅप्टनच्या हातातून विळा गळाला.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "नॅश. माझा एडमंड कुठला?"

"साहेब, शपथ आहे. तुमचीच."

"सोडली. सोडली मी तुला त्यातून. मी रोज रात्री बांधापर्यंत येतो रे. माझ्या हातानं पुरलं आणि मलाच जागा सापडत नाही."

मी त्याला दंडाला धरून नेलं. एका ठिकाणी उभं केलं आणि म्हटलं, "तो ओक आणि ते धुराडं एका रेषेत आणा. डावीकडं सरका. आणखी जरा. आता खाली बघा." त्याच्या बुटांपुढं वेल होता, त्याला चांगला घागरीएवढा भोपळा धरला होता. त्यानं टोपी काढली. मग बसला, बूट काढले आणि अनवाणी उभा राहिला.

त्यानंतर कबरी लपवायचं बंद झालं.

पुढच्या हिवाळ्यात पलीकडच्या गावात ताप शिरला. आमच्याच कुठल्या जहाजाबरोबर गेला असणार. कोण बोलून दाखवणार? मार्जरी रोज सकाळी पाण्याला जायची आणि घागर भरली तरी उभीच राहायची. मी विचारलं, काय बघतेस, बाय? ती नुसती ओठ हलवत पलीकडच्या काठाकडं बघत असायची.

पेरणीचे दिवस आले तेव्हा तिनं दयाच्या भोपळ्याच्या वाळवलेल्या बिया फडक्यात बांधल्या आणि मला होडी काढायला लावली. पलीकडं गेलो. आक्का झोपडीबाहेर बसली होती, वाळून काटकी झालेली. बरोबर यायच्या त्या दोघी पोरींतली एकच, थोरली, शेजारी होती. मार्जरी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली, तिचा हात ओढून घेतला आणि तळहातावर बिया ठेवायला लागली. एक, मग एक, मग एक. मध्येच थांबली, डोळे मिटले, आणखी एक ठेवली.

आक्कानं बियांकडं पाहिलं. आणखी मागितल्या नाहीत. त्यातली एक उचलून तिनं उंबऱ्याजवळच्या जमिनीवर ठेवली आणि धाकट्या पोरीचं नाव घेतलं. मग दोघी बोटांनी तिथली माती उकरायला लागल्या. मी नदीवर गेलो आणि पाणी घेऊन आलो.